सरासरी दोन पाट्या

४ सप्टेंबर २०१७, सोमवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही. चंद्रावती वाचणार नाही, माझं अक्षर लागत नाही म्हणते. अक्षर उत्तम आहे. बायकोला नवऱ्याचं काहीच लागत नाही, त्यातला प्रकार.
आजपासून एक्सेल बंद. कायमचं. शुक्रवारी तीन तासांची फाइल गेली. सेव्ह केली नव्हती, पण तो मुद्दा नाही. मुद्दा असा की ऑफिसात सगळे त्या चौकोनांत माऊस फिरवत बसतात आणि स्वतःला डेटावाले समजतात. डोक्यात तिडीक जाते.

४ सप्टेंबर, संध्याकाळी.
ऑफिसच्या कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर ताब्यात घेतला. त्यावर कुणीतरी लिनक्स टाकून ठेवलंय, म्हणून कुणी हात लावत नाही. काळी खिडकी उघडते, चित्रं नाहीत, माऊस नाही. एक ओळ लिहायची, एंटर मारायचा. हजार ओळींच्या फाइलची सरासरी, लहानातला लहान आकडा, मोठ्यातला मोठा, आकडे एकमेकांपासून किती फाकलेत ते, सगळं एका दमात. प्रोग्रॅमचं नाव डेटामॅश. हेच माझं क्षेत्र.
संकल्प : रोज एक कमांड पाठ. दोन वर्षांत मुंबईला डेटा सायंटिस्ट.

७ सप्टेंबर, गुरुवार.
व्हिजिटिंग कार्डं छापून आणली, डहाणूहून. शंभर. 'नविन भीमा तांडेल, डेटा ॲनालिस्ट, वरोर.' चंद्रावतीने एक हातात घेतलं, उलटं केलं आणि म्हणाली की मागची बाजू कोरी आहे. एवढंच. कौतुकाचा एक शब्द नाही!
शेजारची पुतळीकाकी दारात आली. किती कमांडी शिकलास म्हणून विचारलं. चौदा झाल्यात. मी दोन म्हणून सांगितलं. आमच्या किनाऱ्यावर पद्धतच आहे, कितीही असलं तरी तोंडाने दोनच म्हणायचं. दृष्ट लागते. मी शिकलेला माणूस आहे, माझा विश्वास नाही. पण काकीची नजर खरंच वाईट आहे.

१५ सप्टेंबर, शुक्रवार.
मोठं काम आलं! सुषमा मॅडमनी, म्हणजे आमच्या मासेमारी प्रकल्पाच्या साहेबीणबाईंनी, बोलावून सांगितलं. प्रकल्पातून एका गावाला बर्फाची खोली मिळणार. एकालाच. वरोर नाहीतर चिखले. रोज किती मासळी येते त्याचा तीन महिन्यांचा सर्वे करायचा, ज्याचे आकडे मोठे त्याला खोली. वरोर माझ्याकडे, चिखले कविताकडे.
कविता म्हणजे माझ्या समोरच्या टेबलावर बसते ती. चिखल्याचीच. एक्सेलवाली.
घरी सांगितलं. चंद्रावतीने हातातलं काम ठेवलं. लग्नापासून ती डहाणूहून बर्फ आणते, टोपलीत भुसा घालून, रिक्षात मांडीवर घेऊन. अर्धा वाटेत वितळतो. उरलेल्यावर मासळी ठेवून कासाच्या बाजारात नेते. गिऱ्हाइकं आल्या आल्या वास घेऊन बघतात, त्याचा तिला फार राग. ती पहिल्यांदाच म्हणाली की तुमच्या त्या काळ्या खिडकीतून एवढं एक काम झालं तर मी काही बोलणार नाही.
म्हटलं, खोली आलीच समज.

१८ सप्टेंबर, सोमवार.
सर्वेला माणूस दिलाय. भाविक. तलासरीकडचा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप, समुद्र आयुष्यात दोनदा पाहिलेला. निम्मं गुजराती बोलतो. अकरा होड्या ठरवून दिल्या. होडी किनाऱ्याला लागली की जायचं, 'किती पाट्या?', म्हणजे मासळीच्या किती टोपल्या, विचारायचं, सांगतील ते लिहायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही. हे तीनदा बजावलं. ॲनालिस्टने किनाऱ्यावर जायचं नसतं. डेटा आपल्याकडे आला पाहिजे.

९ ऑक्टोबर, सोमवार.
घरात बसवत नाही. बाबांच्या होडीला काल चौतीस पाट्या बोंबील लागले. चौतीस! बर्फ नाही. डहाणूलाच बर्फ मिळाला नाही, ऊन रणरणतं. बारा पाट्या कशाबशा सुकायला मांडल्या, दहा पडेल भावात गेल्या, बारा फेकल्या. चंद्रावती खड्या आवाजात रडली, म्हणजे रडली नाही, भांडी घासली. बाबा खळ्यात बसून होते. मी त्यांना म्हटलं की खोली येतेय, धीर धरा. त्यांनी मान हलवली, पण जशी मुलाच्या बोलण्यावर हलवतात तशी.
शिवाय माझ्या व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा चुलीजवळ सापडला. मागच्या बाजूला हिने पेन्सिलीने काहीतरी आकडे खरडलेत! तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, हे कार्ड आहे की किराणावाल्याची चिठ्ठी? तर म्हणे, बर्फ किती लागेल ते बघायला लिहिते, आणि तोंडाने बोलायचं नसतं, लिहायला काय होतंय. उरलेली कार्डं कपाटात कुलपात ठेवली. चुलीजवळची चाळीस-पन्नास परत घेतली नाहीत. वास येतो.

१० ऑक्टोबर, मंगळवार.
भाविकचा फॉर्म आला. रविवारच्या ओळींत एका होडीला चौतीस. बाकी दहांना दोन. त्याला विचारलं, हे काय? म्हणाला की साहेब, त्या दिवशी मी लवकर पोचलो, त्या होडीवरचे सगळे पाट्या उतरवण्यात गुंतलेले, कुणी बोलेना, मग मीच उभा राहून गणल्या. मी म्हटलं, विचारायचं होतं की गणायचं होतं? साधी शिस्त नाही.

१३ नोव्हेंबर, सोमवार.
कविता सर्वेला माणूस पाठवत नाही, स्वतः जाते. आणि ऐकून हसू आवरेना, कुणाला विचारतच नाही! बाया पाट्या डोक्यावर घेऊन टेम्पोकडे जातात तिथे उभी राहते आणि डोकी मोजते. याला सर्वे म्हणतात? प्रश्न नाही, उत्तर नाही. मी तिला म्हटलं की मेथडॉलॉजी म्हणून काही असतं. ती म्हणाली की असेल, पण आमच्याकडे कुणी खरं बोलत नाही, तुझ्याकडे बोलतात का? मी म्हटलं, वरोरचा माणूस खोटं बोलत नाही. हिंमत बघा हिची.
संकल्प : कविताशी बोलायचं नाही. चहा बंद, कारण चहा तीच आणते.

१४ नोव्हेंबर.
चहा सुरू. डोकं दुखत होतं.

१८ डिसेंबर, सोमवार. दुपारी.
सर्वे पूर्ण. सातशे बारा ओळी. मी स्वतः टाइप केल्या, दोन बोटांनी, नऊ दिवस. पाठ मोडली. कुणाला किंमत नाही.
डेटामॅश चालवलं. पहिल्यांदा एरर. पहिल्या ओळीत 'पाट्या' हा शब्द होता, तो त्याला आकडा म्हणून हवा होता म्हणे. यंत्राला एवढी अक्कल नसावी? एका तासाने कळलं, पहिली ओळ सोडून दे असं सांगावं लागतं.
सरासरी २.४३. आकड्यांचा फाकाटा, म्हणजे ते एकमेकांपासून किती फाकलेत ते, साडेतीन. माझ्या डेटात फाकाटा? सरासरीहून मोठा? लाज वाटली.

१८ डिसेंबर, संध्याकाळी.
चोर सापडला. अकरा ओळी. सगळ्या भाविकने 'स्वतः गणलेल्या'. चौतीस, अठ्ठावीस, एकेचाळीस, असले राक्षस. बाकी सातशे एक ओळींत एकजात दोन. केवढी सुंदर फाइल आणि या माणसाने तिची वाट लावली! फोनवर झापलं. तो परत परत तेच, की साहेब, मी डोळ्यांनी पाहिल्या, पाट्या होत्या. मी म्हटलं, डोळे म्हणजे डेटा नव्हे. असल्या आकड्यांना आमच्यात आउटलायर म्हणतात, आणि त्यांना काढून टाकतात. तो मग म्हणाला की ठीक आहे, पण मासे खरेच होते.

१९ डिसेंबर, मंगळवार.
एका ओळीची कमांड. 'पाच पाट्यांच्या वरचं सगळं वगळ.' एंटर. अकरा ओळी गेल्या. आवाज नाही, धूर नाही. एक्सेलात हेच करायला कविताला अर्धा दिवस लागला असता.
पुन्हा डेटामॅश. सरासरी २. मधला आकडा २. लहानातला लहान २, मोठ्यातला मोठा २. फाकाटा शून्य.
शून्य!
खुर्चीवरून उठलो. असा स्वच्छ डेटा मी कधी पाहिला नाही. कुणीच पाहिला नसेल. प्रिंट काढली, दोन. एक मॅडमना, एक देव्हाऱ्याजवळ ठेवायला.

२१ डिसेंबर, गुरुवार.
कविताचा निकाल : सरासरी १४.६, फाकाटा ८.२. आकडे इकडेतिकडे उधळलेले, एक दिवस तीन, एक दिवस छत्तीस. गावात काही शिस्त आहे की नाही? मला वाईट वाटलं, खरंच.
तिने माझी प्रिंट पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाली की नविन, अकरा होड्या, तीन महिने, रोज सगळ्यांना दोनच? असा डेटा जगात नसतो. म्हटलं, म्हणूनच तर. ती म्हणाली की तुझ्या घरी विचार एकदा, भीमाकाकांना विचार. हिच्या पोटात दुखतंय, दुसरं काय. आणि घरच्यांना विचारणं म्हणजे पक्षपात. घर वेगळं, डेटा वेगळा. एवढं तत्त्व मी पाळतो.

४ जानेवारी २०१८, गुरुवार.
मॅडमपुढे सादरीकरण. पडद्यावर काळी खिडकी, मी कमांड मारतोय, सगळे अवाक. मॅडमनी विचारलं की गावात फक्त दोन पाट्या येतात, हे पटतं का तुम्हाला? तुम्ही तिथलेच ना? मी म्हटलं, मॅडम, माझं पटणं महत्त्वाचं नाही, यंत्र खोटं बोलत नाही. त्यांनी लिहून घेतलं. कविता काहीतरी बोलायला उठली, मी तिला हाताने थांबवलं. शेवटी मॅडम म्हणाल्या की रिपोर्ट अतिशय नीटनेटका आहे.
नीटनेटका! घरी येताना चंद्रावतीसाठी जिलेबी घेतली. तिने विचारलं की मग खोली मिळेल? म्हटलं, फाकाटा शून्य आहे, अजून काय पाहिजे? तिला शून्य ऐकून धस्स झालं. समजावून सांगितलं. समजलं नाही. शिक्षण पाहिजे.

१४ फेब्रुवारी, बुधवार.
पत्र आलं. खोली चिखल्याला.
कारण : 'वरोर येथील दैनंदिन आवक सरासरी दोन पाट्या प्रति होडी असल्याने शीतगृहाची आवश्यकता दिसून येत नाही. दोन थर्माकोलच्या पेट्या पुरेशा आहेत.' पेट्या सोबत पाठवल्या आहेत. रिक्षाने. मला सही करून घ्याव्या लागल्या!
राजकारण आहे हे. कविताने कान भरले. मॅडम तिच्याकडून चहा घेतात. मी सोडणार नाही. माहितीचा अधिकार टाकतो. वर्तमानपत्रात देतो.
संकल्प : उद्याच.

१५ फेब्रुवारी.
उद्या.

१७ फेब्रुवारी, शनिवार.
सगळं गाव घरी. बाप रे, काय बोलले. रूपेश, शेजारच्या होडीचा, तो तर अंगावर धावून आला. म्हणाला की कुणी सांगितलं तुला दोन पाट्या? मी म्हटलं, तूच! सत्तावन्न वेळा, फाइलमध्ये आहे. तर म्हणतो, अरे बाहेरच्या माणसाने किनाऱ्यावर विचारलं तर दुसरं काय सांगणार? तुला माहीत नाही? वरोरच्या मातीत वाढलास ना?
सगळे माझ्याकडे बघत होते. पुतळीकाकीसुद्धा.
मी म्हटलं की फॉर्मवर तसा रकाना नव्हता.
चंद्रावती आत होती. बाहेर आली नाही. जेवण वाढलं, बोलली नाही. थर्माकोलची एक पेटी उलटी करून तिच्यावर पाणी भरायचा हंडा ठेवलाय.

२० फेब्रुवारी, मंगळवार.
ती अजून बोलत नाही. सकाळी मीच विषय काढला, ओरडूनच काढला, की तुला माहीत होतं तर सांगितलं का नाहीस? तिने चुलीजवळचा गठ्ठा आणून समोर टाकला. माझी कार्डं. मागे पेन्सिलीने तारीख आणि आकडा. तारीख आणि आकडा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. म्हणाली की तुमच्यासमोर लिहीत होते, तुम्हीच म्हणालात किराणावाल्याची चिठ्ठी.
ऑफिसला गेलो नाही.

२१ फेब्रुवारी, बुधवार.
ऑफिसात कुणी यायच्या आधी कार्डं टाइप केली. सत्तेचाळीस. दोन बोटांनी.
डेटामॅश : सरासरी २६.४. लहानातला लहान ९, मोठ्यातला मोठा ४१. एक होडी, आमची.
मग भाविकच्या त्या अकरा ओळी, काढून टाकलेल्या, जुन्या फाइलमधून उघडल्या. तारखा ताडून पाहिल्या. ८ ऑक्टोबर, भीमा, चौतीस. कार्डावर ८ ऑक्टोबर, चौतीस. खाली हिने बारीक अक्षरात लिहिलंय, 'बारा फेकल्या.'
माझी चूक नाही. मी पद्धतीप्रमाणे काढल्या. पण काढल्या मीच.

२२ फेब्रुवारी, गुरुवार.
मॅडमकडे कार्डं घेऊन गेलो. त्यांनी सुलट बाजू वाचली, 'डेटा ॲनालिस्ट', मग उलट. वास आला असावा, खिडकी उघडली. म्हणाल्या की यादी बंद झाली, पुढचा सर्वे नोव्हेंबरात, आणखी एक खोली येईल, तेव्हा खरे आकडे द्या. मी म्हटलं की तेव्हा मी स्वतः लक्ष घालीन. त्यांनी कार्डांचा गठ्ठा करून परत दिला. कविताने चहा आणून ठेवला. तिने एक तरी टोमणा मारायचा होता, मला बरं वाटलं असतं.

३१ मार्च, शनिवार.
ऑफिसातलं माझं कंत्राट संपलं. वाढवलं नाही. बजेट नाही म्हणे. बजेट आहे, माणसाची किंमत नाही. लिनक्सवाला कॉम्प्युटर भंगारात काढणार असं ऐकलं, मागितला, दिला नाही.
मुंबईला अर्ज : नोव्हेंबरपर्यंत नक्की.

६ ऑगस्ट २०१८, सोमवार.
पावसाळी बंदी उठली, होड्या पुन्हा सुरू. तात्पुरता बाबांच्या होडीवर आहे. तात्पुरताच. बर्फ आता चिखल्याहून आणतो, सायकलवर, मी. तिथल्या खोलीत ओळीने पांढऱ्या लाद्या, थंड वाफ येते, बाया हसत आत-बाहेर करतात. मला बघून हसतात असं नाही, पण हसतात. अर्धा वाटेत वितळतो. पँट कायम ओली.
चंद्रावती बोलते आता. बर्फाबद्दल.

१८ नोव्हेंबर, रविवार.
उद्यापासून नवा सर्वे. मी स्वतः घरोघर जाऊन सांगितलं की यंदा कुणी दोन म्हणायचं नाही, खरा आकडा सांगायचा, दृष्टबिष्ट काही नसतं, विज्ञानाचं युग आहे. रूपेशला हात जोडले. बाबांना शपथ घातली. पुतळीकाकीलासुद्धा समजावलं. सगळे हो म्हणाले. चंद्रावती म्हणाली की तुम्ही पहिला आकडा सांगा, मग बाकीचे सांगतील. अर्थात! त्यात काय एवढं?
संकल्प : स्पष्ट आवाजात.

१९ नोव्हेंबर २०१८, सोमवार. दुपारी.
आमचीच होडी पहिली लागली. पाट्या मी उतरवल्या, एकेक, सदतीस. खांदे उतरले. वर बघतो तर भाविक उभा. पायात बूट, गळ्यात ओळखपत्र, आता तो सुपरवायझर. त्याने आधी वाकून नमस्कार केला, मला, साहेब म्हणून. मग वही उघडली आणि विचारलं की किती पाट्या?
रूपेश बघतोय. बाबा बघतायत. पुतळीकाकी तर डोळे फाडून. चंद्रावती पाटीला टेकून उभी. मी घसा साफ केला. स्पष्ट आवाजात म्हणालो, दोन.
कसं आलं तोंडातून, मला माहीत नाही. डोक्यात सदतीस होतं. शपथेवर सांगतो, सदतीसच होतं.
कुणी हसलं नाही. भाविकने माझ्याकडे पाहिलं, पाट्यांकडे पाहिलं. वही काखेत मारली आणि मोजायला लागला, मोठ्याने, बोट लावून, एक, बे, त्रण. काही रीत आहे की नाही या माणसाला? भर किनाऱ्यावर, पुतळीकाकीच्या समोर! मला संताप आला, मी तोंड फिरवलं. सदतीसला थांबला. लिहिलं. चंद्रावतीने आकडा वाचायला वही मागितली, नीट पाहिली, परत दिली आणि त्याला पानात बांधून बोंबील दिले. मला फक्त सायकलकडे बोट केलं.
बर्फ आणायला निघालोय. मागचा टायर गेलाय, चालतच जावं लागणार.
फाइल आज ऑफिसात जाईल. तिथे कुणी शहाण्याने तो सदतीस काढून टाकला नाही म्हणजे मिळवलं.